अर्धा फाटलेला आवाज

मित्रांनो, मी जुना आहे आणि तापटही आहे. माझ्या जातीला ॲम्प्लिफायर म्हणतात. संग्रामपूरकडच्या ज्या गावात माझा मुक्काम आहे, तिथं एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नाही, म्हणून मला नुसतं 'पेटी' म्हणतात. सागाचं खोकं, पुढं एक स्पीकर, वर तीन बटणं आणि पोटात काचेच्या नळ्या, एवढाच माझा संसार. त्या नळ्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. त्या तापून लालसर झाल्या की मगच मला कंठ फुटतो. थंड डोक्यानं मला एक अक्षर बोलता येत नाही. तेव्हा तापटपणा हा माझा दोष मानू नका, तो माझा धंदाच आहे.

माझा जन्म शेगावचा. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. स्टेशनच्या रस्त्याला नारायणराव नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. सभा-कीर्तनाचे लाऊडस्पीकर ते स्वतःच्या हातानं बांधत. त्यांच्याकडं एक दिवस शेषराव आले. शेषराव माळी, गावाकडून वांगी-मिरच्या आणून शेगावच्या खाणावळींना पुरवायचे. त्या दिवशी मात्र त्यांच्या काखेत टोपलं नव्हतं, गिटार होती.

ही गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. स्टेशनातल्या एका बंगाली बाबूंनी भाजी घेता घेता शेषरावांना ती शिकवली, आणि बदली होऊन जाताना देऊनही टाकली. पण ती विजेची गिटार होती. माझ्यासारखा कुणी सोबतीला असल्याशिवाय तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही.

नारायणरावांनी गिटारसाठी पेटी कधी बांधली नव्हती. त्यांनी तार बोटानं छेडून पाहिली, आवाज ऐकला आणि त्यांना तिची दया आली. बिचारीचा जीव एवढासा, तिला आधार भक्कम हवा, असं म्हणून त्यांनी माझ्या पोटात एक नळी जास्तीची बसवली. दयेपोटी झालेली ही चूक मला जन्माची पुरली. तारेला नुसता धक्का लागला तरी मी डरकाळी फोडायचो.

आमच्याकडं कापड फाटतं, दूध फाटतं, तसा आवाजही फाटतो. भोंग्यातून बोलणं खरखरीत, चिरकं यायला लागलं की लोक म्हणतात, आवाज फाटला. माझा आवाज पहिल्या दिवसापासून फाटकाच होता. शेषरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तारेच्या पहिल्या ठोक्याला आवाज जरासा फाटावा आणि मग गोड होत जावा, हे त्यांना फार आवडायचं. तेवढं साधायला ते उन्हाळाभर बटणांशी झटले.

माझं पहिलं बटण म्हणजे गिटारचा आवाज आत किती घ्यायचा ते. दुसरं म्हणजे बाहेर किती द्यायचा ते. तिसरं खर्जाचं. शेषराव भाजीबाजारातले माणूस. घेताना भरपूर घ्यावं आणि देताना हात राखून द्यावं, ही त्यांची सवय. त्यांनी पहिलं बटण पार शेवटपर्यंत चढवलं आणि दुसरं जेमतेम उघडलं. नवल म्हणजे तरीही त्यांना हवा तसा आवाज मिळाला. लगेच त्यांनी गीताबाईंना, म्हणजे पत्नीला, कुंकू आणायला सांगितलं आणि बटणांवर टिकल्या लावून ठेवल्या.

खरी गोष्ट वेगळी होती. उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या विहिरींवर मोटारी चालायच्या, त्यामुळं घरातली वीज अशक्त यायची. मी अर्धपोटी होतो, म्हणून सौम्य बोलत होतो. मला हे कळत होतं, पण मला विचारतो कोण?

आता अर्जुनरावांची ओळख करून देतो, कारण त्यांच्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकत नाही. ते शेषरावांचे शेजारी. दोन घरांच्या मधे नुसता तुराट्यांचा कूड, म्हणजे तुरीच्या काड्यांची भिंत, त्यामुळं इकडची शिंक तिकडं ऐकू जायची. शेषरावांकडं एकच बैल, हरण्या. अर्जुनरावांकडंही एकच, बांड्या. दोघांनी सावड केली होती, म्हणजे दोन बैलांची एक जोडी करून आधी याचं शेत, मग त्याचं. दोघंही एकमेकांना 'बे' म्हणणारे लहानपणापासूनचे मित्र होते. पोळ्याला त्यांचे बैल जोडीनंच तोरणाखाली उभे राहायचे.

त्या साली सरपंच भगवानरावांनी ठरवलं की पोळ्याला शेषरावांची गिटार वाजवायची. मला रिकाम्या बैलगाडीवर बसवलं, माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. समोर आंब्याच्या पानांचं तोरण. त्याखाली गावचे बैल ओळीनं उभे होते, शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, अंगावर झुली. शेषरावांनी टिकलीला टिकली जुळवली आणि तार छेडली.

पोळ्याच्या दिवशी शेतात कुणी काम करत नाही. सगळ्या मोटारी बंद. वीज जोरात आली होती आणि माझं पहिलं बटण पार टोकाला होतं. मी असा किंचाळलो की माझाच मला धाक वाटला. ढोलताशा ऐकून कान पिकलेले बैल, पण असला चिरका आवाज त्यांनी बापजन्मात ऐकला नव्हता. ओळ फुटली. तोरण तुटून मातीत पडलं. बांड्या दगडी ओट्यावर आदळला आणि त्याचं उजवं शिंग मुळाजवळ मोडलं.

अर्जुनरावांनी बांड्याच्या डोक्याला आपलं धोतर फाडून बांधलं. शेषराव जवळ गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शेषराव, आता सावड नाही."

आयुष्यभर 'बे' म्हणणाऱ्या माणसानं 'राव' म्हटलं. शेषरावांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. मलाही फार वाईट वाटलं.

मला घरी आणून पोत्यात गुंडाळलं आणि कोपऱ्यात टाकलं. माझ्यावर एक कोंबडी अंड्यावर बसली. मी ते सहन केलं. शेषरावांनी गिटारला हात लावला नाही. पण त्यांना पेटीचं दुःख नव्हतं. रब्बीच्या वेळी त्यांनी दुसऱ्याचा बैल मागून आणला, तर हरण्या त्याच्याबरोबर चालेना, चार पावलं जाऊन डावीकडं, बांड्याच्या जागेकडं, मान वळवून उभा राहायचा. कुडापलीकडं अर्जुनरावांचंही तेच. दोन्ही शेतांची कामं मागं पडली. एकटा बैल म्हणजे अर्धं औत, आणि हट्टापायी दोघांचंही अर्धंच राहिलं.

शेषरावांनी दोनदा माणूस पाठवला. अर्जुनरावांचा निरोप आला की ती पेटी घरात आहे तोवर माझा बैल तुमच्या दारात येणार नाही.

मला वाटलं, आता मी जाणार. शेषरावांनाही तसंच वाटलं. त्यांनी उन्हाळ्यात मला गाडीत घातलं आणि शेगावला परत द्यायला निघाले. गीताबाईंची बहीण अन्नपूर्णा शेगावला राहायची, तिच्यासाठी तळलेल्या कुरोड्यांची पिशवी घेऊन गीताबाईही बरोबर आल्या. कुरोडी म्हणजे गव्हाच्या चिकाची, शेवयांच्या गुंडाळीसारखी. तळली की फुलते.

नारायणरावांनी सगळी हकीकत ऐकली. "फाटते काऊन ते समजलं मले. ताकद लय झाली याले. परत काऊन देता? मी एक नळी काढूनच टाकतो. मंग आवाज दुधावानी."

नळी काढली. शेषरावांनी तार छेडली. मी इतकं सभ्य आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आजारी माणसानं हळूच पाणी मागावं, तसा माझा आवाज आला.

शेषरावांचं तोंड उतरलं. "हे त सपक झालं, नारायणराव."

"आता तुमाले फाटलेला पाह्यजे का नाही पाह्यजे?"

"अर्धा फाटलेला पाह्यजे."

"अर्धा?" नारायणराव हसायला लागले. "अहो, आवाज हाये तो, धोतर नाही. फाटला त फाटला, नाही त नाही!"

शेषरावांना सांगता येईना. ते हातवारे करत होते, तोंडानं आवाज काढून दाखवत होते, आणि नारायणराव मान हलवत होते. पायरीवर बसलेल्या गीताबाईंना शेवटी राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून एक कुरोडी काढली.

"भाऊजी, हे आयका." त्यांनी ती नारायणरावांच्या कानाजवळ नेऊन मोडली. "कच्ची असली त नुसती कडकन मोडते. जळली त हातात भुगा होते. बरोबर तळली त अशी बोलते. यायले असा कुरकुरीत आवाज पाह्यजे."

नारायणरावांनी हात पुढं करून आणखी एक मागितली. ती स्वतःच्या कानाजवळ मोडली. तिसरी मागितली ती मात्र खाल्ली.

"मंग असं म्हणा ना!" ते म्हणाले. "रेडिओच्या पुस्तकात कुरोडी कुठी लिवली असते? पोळ्याआधी समजलं असतं त त्या बयलाचं शिंग वाचलं असतं, वहिनी."

मग त्यांनी मन लावून काम केलं. काढलेली नळी परत बसवली, पण अगदी पहिल्या जागची तापट नळी काढून तिच्याच जातीची मवाळ नळी लावली. मला पोटात थंडावा वाटला. त्यानंतर त्यांनी शेषरावांना बटणं समजावून सांगितली.

"पयलं बटन म्हंजे घेणं, दुसरं म्हंजे देणं. तुमी घेणं भरपूर ठेवलं आन् देताना हात आखडला. आत सारं कोंडते आन् फाटते. पयलं खाली घ्या, दुसरं वर न्या. खर्ज कमी करा, जाड तारायचा आवाज गढूळ होऊन राह्यला. आन् गिटारचं बटन बी थोडं उतरवून ठेवा. जोर पाह्यजे तवा तिथून वाढवा. टिकल्या लावू नका, कानानं पाहा. ईज रोज सारखी नसते."

शेषरावांनी तसं केलं आणि तार छेडली. पहिल्या ठोक्याला मी जरासा कुरकुरलो आणि मग गोड होत गेलो. तारेवर हात हलका पडला तर स्वच्छ बोललो, जोरात पडला तर जरा चिडून बोललो. मित्रांनो, माझ्या अंगात ताकद पहिल्याइतकीच होती. पण त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या ताब्यात आली. मला फार आनंद झाला.

घरी येऊन शेषरावांनी रोज दुपारी सराव सुरू केला. वीज कमी-जास्त झाली की बटणं हलवावी लागायची, आणि त्यांचे दोन्ही हात तर गिटारवर. म्हणून ते गीताबाईंना ओरडून सांगायचे, "पयलं खाली! दुसरं वर! अजून खाली, फाटून राह्यला!" गीताबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं बटणं फिरवायच्या. आवाज जमला की म्हणायच्या, "हाव, आता तळली." शेषराव हरण्यालाही अंगणात बांधून ऐकवायचे. तो पहिल्या दिवशी बिचकला, पुढं रवंथ करत ऐकायला लागला. कुडापलीकडं कुणी काही बोलत नव्हतं. तिकडं मृगाची पेरणीही उसन्या बैलावर कशीबशी झाली.

पोळा आला. शेषराव पुन्हा वाजवायची परवानगी मागायला सरपंचांकडं गेले. त्यांना गावापुढं मिरवायची हौस राहिली नव्हती. पण त्याच जागी, त्याच बैलांपुढं, पेटी सुधारली हे अर्जुनरावांना दिसल्याशिवाय जोडी परत जुळणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

भगवानराव म्हणाले, "वाजवा. पण एक बी बयल मांगं सरला त त्याच टायमाले बंद. आन् मंग पेटी गावात ठेवायची नाही."

मी पुन्हा गाडीवर बसलो. हार कुणी घातला नाही. गीताबाई बायकांबरोबर लांब देवळाच्या पायऱ्यांवर होत्या. हरण्या पुढं एकटाच उभा होता आणि बांड्या ओळीच्या पार शेवटी. त्याच्या डाव्या शिंगाला रंग दिला होता. उजवीकडं नुसता खुंट होता, त्यालाही अर्जुनरावांनी बेगड चिकटवली होती. त्याची वेसण त्यांनी वर्षभर दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. आजही दोर मुठीला दोन वेढे देऊन धरला होता.

पोळ्याला झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना टोचून बोलायची गाणी. तरण्या पोरांनी ताजीच रचली होती.

"पेटी रे पेटी, सागाची पेटी,
पेटीत बसली वाघाची बेटी,
बेटी बोलली, तोरण तुटलं,
अर्जुनरावच्या बयलाचं शिंग फुटलं!"

"हर बोला हर हर महादेव!" सगळे ओरडले आणि हसले. शेषराव खाली बघत होते. अर्जुनराव हसले नाहीत.

शेषरावांनी पहिलं बटण खाली घेतलं, दुसरं वर नेलं आणि एका भजनाची चाल धरली. मी कुरकुरलो आणि गोड झालो. बैलांचे कान माझ्याकडं वळले, पण पाय जागचे हलले नाहीत. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा माणसंही गप्प झाली. ओळीच्या शेवटी बांड्या मान खाली घालून मातीत पडलेली फुलं खात होता. माझा जीव भांड्यात पडला.

पण भगवानराव खुश झाले, आणि खुश झालेल्या सरपंचाला गप्प बसवत नाही. मागच्या लोकांनाही ऐकू जावं म्हणून ते गाडीजवळ आले. "थोडं मोठं करतो," म्हणाले आणि बटण फिरवलं. पहिलं बटण पहिलं दिसलं, म्हणून त्यांनी पहिलंच फिरवलं, आणि मोठ्या माणसाच्या मोठ्या मनानं पार शेवटपर्यंत फिरवलं.

मी फाटलो. मवाळ नळी झाली तरी तिलाही हद्द असते. शेषराव दचकले, कांडी त्यांच्या हातून सुटून तारांवर पडली आणि मी अधिकच किंचाळत सुटलो. पुढच्या बैलांनी माना वर केल्या. दोर ताणले गेले. "बंद करा! बंद करा!" असा ओरडा झाला. भगवानराव गोंधळून तिसरं बटण फिरवत बसले. शेषराव गिटार मांडीवर घेऊन खिळल्यासारखे बसून राहिले. वर्षापूर्वीचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असणार.

तेवढ्यात कुणीतरी गर्दी बाजूला सारत धावत आलं. एका हातानं पहिलं बटण खाली, दुसऱ्या हातानं दुसरं वर. मग थांबून, कान देऊन, पहिलं आणखी थोडं खाली. किंचाळणं थांबलं आणि मी हळूच गुणगुणत राहिलो.

ते अर्जुनराव होते.

शेषराव त्यांच्याकडं बघतच राहिले. "तुले कसं मालूम?"

"कसं म्हंजे?" अर्जुनराव खेकसले. "उन्हायापासून कुडातून तेच आयकून राह्यलो. पयलं खाली, दुसरं वर! माह्या बायकोले बी पाठ झालं. पाह्यतं काय बे? वाजव! बयल ताटकळले."

शेषरावांनी कांडी उचलली. पहिले दोन सूर हलले. पण आवाज अगदी हवा तसा, बरोबर तळलेला आला. पुढच्या बैलांचे दोर सैल पडले.

तेव्हा कुठं अर्जुनरावांना आपली मूठ रिकामी आहे हे कळलं. वर्षभर कुणाच्या हाती न दिलेला दोर ते मातीत टाकून आले होते. त्यांनी घाबरून मागं पाहिलं. बांड्या होता तिथंच उभा होता आणि फुलं खात होता. अर्जुनराव हळूहळू त्याच्याजवळ गेले, दोर उचलला आणि सगळ्या गावादेखत त्याला ओळीतून पुढं आणून हरण्याच्या डाव्या अंगाला उभा केला. हरण्यानं त्याचा खुंट हुंगला. दोघं जोडीनं तोरणाखालून गेले.

त्या वर्षीची रब्बीची नांगरट पुन्हा सावडीत झाली. पुढं बऱ्याच पोळ्यांना मी वाजलो. माझ्या पहिल्या बटणाला अर्जुनरावांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा गावात नियमच झाला. भगवानरावांनी तो सगळ्यांत आधी मान्य केला.

मित्रांनो, माझ्या जातीला फार काही लागत नाही. ओल लागू देऊ नका, तापलेलो असताना उचलू नका, आणि कृपा करून कोंबड्या बसवू नका. पण आणखी एक सांगतो. तुमच्या घरात किंवा शेजारी माझ्यासारखं तापट कुणी असेल, तर त्याला पोत्यात घालून कोपऱ्यात टाकू नका आणि त्याच्यातली नळी काढून त्याला मुकंही करू नका. तो चिडला की बहुतेक जण घाईनं हाताला येईल ते बटण फिरवतात. तुम्ही आधी ऐका. रागावलेले असाल तरी, कुडाच्या पलीकडून का होईना, ऐकत राहा. मग वेळ आली की कुठं हात लावायचा ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.